देवका अडकते

“हे काढलं तर तिले काही होनार तर नाही?” खेमराज कटरेंनी पुन्हा विचारलं.

राजदीपनं कॅबिनेटचं झाकण बाजूला ठेवलं. आत एवढी धूळ होती की धानाच्या रोपांचे परहे टाकता आले असते. “काका, सगळं हार्ड डिस्कमंधी राहते. मी फक्त ग्राफिक्स कार्ड बदलून राहिलो. जुनं काढतो, मोठं लावतो. बस.”

“सामानाचं नाही इचारत. तिले म्हनतो मी.”

राजदीपचं गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. जवळच्या मुर्री गावातल्या या घरी तो पहिल्यांदाच आला होता. बायको बोलता बोलता अडकते, एवढंच फोनवर कळलं होतं. व्हिडिओ कॉल अडकत असेल असं समजून त्यानं नेट तपासायला सांगितलं, तर म्हातारबुवा म्हणाले, नेट लागतच नाही तिला.

इथं आल्यावर उलगडा झाला. मुलगा विवेक हैदराबादला नोकरीला. कॉलेजात असताना हट्टानं घेतलेला त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच पडून होता. आईचे फोनवरचे व्हिडिओ, लग्नाकार्यातली रेकॉर्डिंग, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले निरोप, जे सापडलं ते त्यानं या डब्यात भरलं आणि एआयनं आई पडद्यावर आणून बसवली. विचारलं की ती बोलायची. पण जुन्या कार्डाला तो भार झेपत नव्हता. वाक्य अर्ध्यावर आलं की देवकाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं.

“नागपूरले गळ्याचं ऑपरेशन झालं,” खेमराज म्हणाले. “तवापासून हे घर मुकं झालं बाप्पा. जिंदगीभर मी तिले म्हनत आलो, जरा चूप राहत जा. आता लागते तोच आवाज. नाहीतर घास नाही उतरत.”

राजदीपला वाईट वाटलं. काम नीटच करून द्यायचं, त्यानं मनाशी ठरवलं.

एक बाई चहा घेऊन आली. डोक्यावरचा पदर तिनं नाकावरून ओढून गळ्याशी घट्ट खोचला होता. डोळेच तेवढे दिसत होते. मघाशी दारही तिनंच उघडलं होतं, काही न बोलता. घरकामाला असावी. एक कप तिनं राजदीपपुढे ठेवला, दुसरा खेमराजच्या हाताजवळ सरकवला आणि तिथंच खाली बसली. खेमराजची नजर कॅबिनेटवरून हलली नाही. तिनं कप आणखी थोडा सरकवला. चहावर साय धरली.

जुनं कार्ड निघता निघेना. त्याचा पंखा केव्हाच जाम झाला होता. नवं कार्ड लांब, म्हणून हार्ड डिस्क खालच्या खणात हलवावी लागली. मग कार्ड खाचेत बसलं, खटका वाजला. विजेची वायरही राजदीपनं अंगठ्यानं दाबून बसवली. हात काळे झाले होते. तो अंगणातल्या नळावर धुऊन आला. बाई कॅबिनेटभोवतीची धूळ झाडत होती. खेमराज डोळे मिटून, हात जोडून बसले होते.

त्यानं बटण दाबलं. पंखे फिरले, लाल दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

“गेली का?” खेमराजचा आवाज चिरकला. “अरे, गेली का ते?”

“थांबा ना काका. पाहू द्या.” राजदीपलाही घाम फुटला होता. त्यानं मशीन बंद करून मोबाइलचा उजेड आत टाकला. कार्डाची वायर सुटून लोंबत होती.

तो बघतच राहिला. त्या वायरीला कडी असते. ती दाबल्याशिवाय वायर निघत नाही, आणि आपण ती पक्की लावली होती याबद्दल त्याला शंका नव्हती.

“काऊन अवं,” खेमराज काळ्या पडद्याला विचारत होते, “राग आला का? येवाचं नाही का तुले?”

राजदीपनं वायर पुन्हा लावली आणि या वेळी मशीन सुरू होईपर्यंत हात तिथून काढला नाही. पडदा उजळला. आवश्यक ते सॉफ्टवेअर टाकलं. आणि देवकाबाई आल्या. भरल्या गालांच्या, हसऱ्या, केसाची बटन्‌बट दिसावी इतक्या स्वच्छ.

“काहो, जेवले का? शुगरची गोळी घेतली? उन्हात नोका फिरू म्हनलं ना तुमाले, आयकाचंच नाही का मानसानं?”

एकदाही अडकल्या नाहीत. खेमराज हसत होते आणि दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. राजदीपचेही डोळे भरून आले. आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं त्याला वाटलं.

सामान आवरून तो निघाला. ओसरीवर ती बाई खांबाला टेकून उभी होती.

“मावशी, काकांवर ध्यान ठेवा,” तो हळूच म्हणाला. “काकू गेल्यावर लयच एकटे पडले असतीन ते.”

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग पदर सोडला. गळ्यात भोक होतं, त्यात नळी बसवलेली. वरचा चेहरा पडद्यावरचाच होता, फक्त वाळलेला. तिनं बोटानं स्वतःच्याच छातीवर दोनदा टकटक केलं. ओठ हलले, नळीतून नुसती हवा आली.

“अवं, दरवाजा लाव!” आतून खेमराज ओरडले. “देवका बोलून राहिली. आयकू नाही येत.”