चेहऱ्याची हजेरी

नवऱ्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी सुप्याच्या कारखान्यात कामावर आली. सोबत तिच्याच पॅकिंग खात्यात काम करणारी सासू, छबूबाई. फाटकाच्या काचेत स्वतःला बघून ज्ञानेश्वरीचा हात टिकली गेलेल्या कपाळाकडे गेला आणि तसाच खाली आला. चेहरा कोरडा, रडूही नाही.

चेहरा बघून हजेरी लावणाऱ्या मशीनशेजारी एचआरची मोनिका उभी होती. तिने दोघींना मशीनपाशी पोचण्याआधीच थांबवलं.

“मशीनमधला हिचा फोटो टिकलीचा आहे. टिकली नसली तर ते ओळखणार नाही, हजेरी लागणार नाही.”

“मग नवा फोटो काढा की, मॅडम,” छबूबाई म्हणाली.

“हेड ऑफिसची परवानगी लागते. वर्ष जाईल त्यात.”

छबूबाईने एकदा मशीनकडे, एकदा ज्ञानेश्वरीच्या कपाळाकडे बघितलं.

“लाव बाई,” ती सुनेला म्हणाली. “मशीनपुढं काय चालतंय आपलं.”

मोनिकाने पर्समधलं टिकल्यांचं पाकीट पुढे केलं.



पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये मोनिकाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, हे मशीन डोळे, नाक आणि हनुवटी मोजतं. कपाळ ते बघतच नाही.