करंगळीची चिंधी

केकवाल्याची करंगळी तीन महिने चिंधीत होती. जखम नव्हती, बोट क्रीममध्ये बुडवून चाखायची जन्माची खोड होती. "रक्तातली साखर उतरली नाही, तर रोजचं इंजेक्शन," डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून बायको रोज सकाळी गाठ मारायची आणि डब्यात पालेभाज्या, कडधान्यं, गाजरं भरायची. "पार बकरी केलीस माझी!" तो कुरकुरायचा. "बकरीला सुया टोचाव्या लागत नाहीत," ती म्हणायची. आज रिपोर्ट घेऊन ती धापा टाकत दुकानात आली. "अहो, उतरली! सुई टळली!" तिने गाठ सोडली. "घ्या, आज एक बोट माफ." त्याने डोळे मिटून क्रीम चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं, एवढं गोड कोण खातं?" "हळू! गिऱ्हाईक ऐकेल!" त्याने हसत करंगळी पुढे केली. "बांध. खोड मोडली, पण तुझ्या गाठीची सवय लागलीय."