ब्राइटनेस तीन

अरे, तू फक्त ऐक. माझ्या मावसभावाला आम्ही किडा म्हणतो, कारण चालू वस्तू उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीनचा ब्राइटनेस अडकला. बटणं दाबून बोटं दुखली, पण स्क्रीन ढिम्म. मग नेटवर वाचून त्याने थेट सिस्टीमच्या फाइलमध्ये आकडा बदलला. पंधराचे दहा केले.

स्क्रीन तशीच. पण खिडकीशी घड्याळ दुरुस्त करत बसलेले त्याचे वडील, अण्णा, म्हणाले, "ढग आले का रे?"

बाहेर रणरणतं ऊन होतं. किड्याने पाच लिहिलं.

"गाढवा, पडदा कशाला ओढलास? स्क्रू दिसेना मला."

पडदा उघडाच होता. किड्याचं धाबं दणाणलं. त्याने पंधरा लिहिलं. उत्तर आलं, परवानगी नाही. सहा लिहिलं, तरी नाही. घाईत चुकून चार दाबलं गेलं, ते मात्र मशीनने निमूट घेतलं.

मग आकडा आपोआप तीन झाला. हात लावला नाही की लॅपटॉपची स्क्रीन आपोआप मंद होते ना, तसा. ती सेटिंग बंद करायलाही परवानगी नाही. त्याने टचपॅडवर बोट फिरवत ठेवलं, तेव्हा आकडा थांबला. लॅपटॉप उचलून अण्णांकडे जावं तर बॅटरी मेलेली, वायर भिंतीत; वायर निघाली की सगळाच अंधार.

तिकडे स्टूल पडलं.

"बाळा, हात दे रे."

अण्णांनी त्याला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. ते चाचपडत चालले होते, नेमके जिन्याच्या दिशेने. हाक मारली तरी थांबेनात.

बोट अजून फिरतंय. तू उचललं असतंस?