सत्तेचाळिसावी डिस्क

तीन दिवस हॉस्पिटलमध्ये एक एक्स-रे उघडायला चार मिनिटं लागत होती. एक्स-रे साठवणाऱ्या सर्व्हरमधल्या शहाण्णव डिस्क ठणठणीत असल्याचं स्क्रीन सांगत होता आणि सगळे नेटवर्कच्या नावानं खडे फोडत होते.

सर्व्हर सांभाळणारी मी मात्र एकेका डिस्कवर तळहात ठेवत गेले. सत्तेचाळिसावी फिरता फिरता आतल्या आत अडखळत होती. ही एकटी बया सगळ्यांना ताटकळत ठेवत होती! एक डिस्क गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतात, म्हणून मी ती सरळ उपसून काढली.

लगेच सर्जनचा फोन आला. "ताई, कमाल केलीत! फटाफट उघडतंय सगळं. पेशंटला आत घेतो."

मी ऐटीत डिस्क टेबलावर ठेवली. आता तिला ना वायर, ना वीज.

तरी तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"डॉक्टर, जरा थांबा. काहीच उघडू नका."

दिवा विझला.

"आता एक उघडा."

दिवा लागला.

"बघा, क्षणात आला!" सर्जन हसले. "मानलं तुम्हाला!"

मी हळूच डिस्कवर तळहात ठेवला. ती फिरत होती.

आता मुळीच अडखळत नव्हती.