रविवारची इस्त्री

दर रविवारी सकाळी लेक इस्त्री बिघडवून ठेवायची. ही विद्या तिला बाबांनीच शिकवलेली. त्यांनी दुरुस्तीसाठी शिकवली होती, ती अशी उलटी कामाला येईल असं दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

"बाबा, इस्त्री तापत नाहीये हो," असं म्हणून तिनं ती टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली.

बाबांचा चेहरा खुलला. चाळीस वर्षं गल्लीच्या टोकाला त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद होऊन सहा वर्षं झाली, आणि आता त्यांना वार आठवत नाही, जेवलो की नाही तेही आठवत नाही. पण स्क्रू ड्रायव्हर हातात आला की गडी जाग्यावर यायचा. तेवढा अर्धा तास तिला तिचे बाबा परत मिळायचे. त्या अर्ध्या तासासाठीच तिची ही सगळी लबाडी.

सुरुवातीला ती आतली, पार थर्मोस्टॅटच्या पाठची तार सोडवून ठेवायची. बाबा पाच मिनिटांत चोर पकडायचे आणि वर तिलाच झापायचे, की वायरला धरून ओढत असशील, दुसरं काय! पुढे पुढे त्यांना सापडेना, तेव्हा तिनं बिघाड सोपा केला. मग आणखी सोपा. आज तर तिनं प्लगमधून एक तार सरळ बाहेर लोंबत ठेवली होती. डोळे झाकूनही हाताला लागली असती.

बाबांनी इस्त्रीचा वास घेतला, कानाशी धरून हलवली. एकेक स्क्रू काढला. एरवी निघाले त्या क्रमानं ते स्क्रू टेबलावर ओळीत मांडायचे. आज काढले तसे खिशात टाकले.

"प्लग बघा ना जरा," ती म्हणाली. राहवेना तिला.

त्यांनी प्लग उचलला. सुटलेली तार दोन बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग प्लग खाली ठेवला, इस्त्री तिच्याकडे सरकवली आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "हे काही माझ्याच्यानं होणार नाही, बाई. गल्लीच्या टोकाला एक दुकान आहे, तिथे न्या. हाताला गुण आहे त्या माणसाच्या."

"नेते," ती कशीबशी म्हणाली. इस्त्री उचलून दारापर्यंत गेली, तर त्यांनी मागून हाक मारली.

"पण दुपारी नका जाऊ. दुपारी तो दुकान बंद करून घरी जातो. पोरगी लहान आहे त्याची. त्याच्याशिवाय जेवत नाही."