अंगाला लागलेली हळद

"कुणाला सांगून पटायचं न्हाई बाई, पण येत्या संक्रांतीला मला अठ्ठ्याऐंशी पुरी हुतील," असं म्हणत गुंडानं आपला गुळगुळीत गाल डॉक्टरीणबाईंच्या पुढं केला.

बाईंनी चष्मा सावरला. शहात्तर सालच्या त्या थंडीत तोंडाला लावायच्या नव्या क्रीमसाठी हळद शोधत त्या मुंबईहून हरिपुरात आल्या होत्या. उद्या रहिमतपूरची बघणार होत्या. जी पसंत पडेल त्या गावाचं नाव डबीवर छापायचं ठरलं होतं. डबीवर रहिमतपूर आलं, तर हरिपूरकरांनी सांगलीच्या बाजारात कोणत्या तोंडानं फिरायचं?

"हळदीत अँटिऑक्सिडंट असतं," बाई म्हणाल्या. "हवेनं कातडी जुनी होते ना, ते हे द्रव्य थोपवतं."

"म्हंजी गंज चढू देत न्हाई, असं सरळ सांगा की! आवं, आमची पेवं बघा. जमिनीत दहा हात खोल, वर तोंड शेणामातीनं लिंपलेलं. तीन सालांनी हळद काढा, रंग हाय तसाच. मिसरूड फुटल्यापासनं त्यात उतरतोय मी. आतपत्तुर मुरलीया!"

तेवढ्यात हरणाबाई चहा घेऊन बाहेर आली. चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, कपाळ मोकळं. गुंडानं बिडी पाठीमागं विझवली, हाताला धरून तिला कट्ट्यावर बसवलं आणि तिच्या डाव्या अंगाला टेकला. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे.

"ही माझी धाकटी भन," तो हळूच म्हणाला. "सत्तरीची. हिच्या अंगाला कवा हळद लागलीच न्हाई. बघा फरक!"

बाईंचं पेन भराभर धावू लागलं. एकच रक्त, एकच कृष्णेचं पाणी, आणि थोरल्या भावापुढं धाकटी बहीण अशी! असला पुरावा प्रयोगशाळेत कुठला मिळायला?

"हरिपूरचंच नाव घालू," त्या म्हणाल्या.

गुंडाची छाती बंडीत मावेना.

"फक्त आजींना एक विचारते." बाई उठल्या आणि हरणाबाईच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या.

"आवं, ऱ्हाऊ द्या की! म्हातारीला कशाला तरास..."

"आजी, तुमच्या अंगाला म्हणे कधी हळदच लागली नाही?"

हरणाबाईनं कपबशी खाली ठेवली.

"कोण म्हंतंय? हळद लागली न्हाई, तर ह्यो गुंड्या माझ्या पोटाला कुठनं आला?"