दोघांचा अर्ज

"नाही लागला परवाना," डेल्मर म्हणाला आणि त्याने फोन पालथा ठेवला.

रूलनने नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली. "दोघांनाही?"

"एकाच अर्जावर आहोत ना आपण. लागला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही."

"तू एकटा भरत जा रे. माझ्या नादाने तुझाही मेंढा राहतोय."

"तुला सोडून? कॉफी पी गपचूप."

कॉफी ओतता ओतता कॅफेवाल्या नोरीनने एप्रनला डोळे पुसले.

डोंगरी मेंढ्यापायी ड्राय फोर्कमध्ये संसार मोडले होते. सरकारी डोंगरावर त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीनेच मिळे, तोही जन्मात एकदा. दरवर्षी हरलं की एक पॉइंट वाढे, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. गावात सगळ्यात जास्त पॉइंट रूलनचे. त्याच्या खालोखाल धाकट्या भावाचे, डेल्मरचे. हे त्याला नवं नव्हतं. रूलनने झिजवलेले बूट, रूलनने दमवून म्हातारा केलेला घोडा, रूलनला नको असलेलं कुरण. डेल्मरने कधी ब्र काढला नाही. गाव त्याबद्दल त्याला मान देई. मानाला काही खर्च येत नाही.

पानं पिवळी पडायच्या आत रूलन आटोपला. जाण्याआधी त्याने एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी अर्ज परत काळ्या कड्यालाच ना?"

"अर्थात. तुझ्या मनातली जागा ती."

दफनाच्या वेळी बिशप बोलायला उभे राहिले. भाऊ असावा तर असा, असं ते म्हणाले, आणि शवपेटीकडे नाही, डेल्मरकडे बघून म्हणाले.

वसंतात डेल्मरने एकट्याने अर्ज भरला. परवाना लागला.

"रूलननेच वरून चिठ्ठी काढली बघ तुझी," नोरीन म्हणाली.

"त्याच्याशिवाय जमलंच नसतं," डेल्मर म्हणाला आणि त्याने केकचा आणखी एक तुकडा मागवला.

मेंढा मारल्यावर तो मुंडकं घेऊन वन्यजीव खात्याच्या कचेरीत गेला. टेस नावाची नवी अधिकारी शिंगं टेपने मोजत होती.

"काय धूड आहे हो! किती वर्षं थांबलात?"

"जन्म गेला. भाऊ होता तोवर जोडीनेच भरायचो, काळ्या कड्याला."

टेसचा हात थांबला. "जोडीने? अहो, तिथे वर्षाला एकच परवाना निघतो. दोघांचा अर्ज सोडतीत जातच नाही, आधीच बाद होतो. पॉइंट तेवढा वाढतो. भावाचे पॉइंट किती होते?"

"माझ्याहून जास्त."

"मग एकट्याने भरला असता तर त्यांना केव्हाच लागला असता! कुणी सांगितलं नाही त्यांना?"

डेल्मरने मेंढ्याच्या नाकपुडीजवळचं रक्त रुमालाने हळुवार टिपलं.

"सांगणार कोण?" तो म्हणाला. "नियम वाचून अर्ज मीच भरायचो."